मदत हवी आहे: संत्र्याच्या नावाचं डोमेन ३५,०००ला मिळतंय, उद्यापर्यंत सांगायचं आहे

संत्रापट्टा
लवकर सांगा कोणीतरी. एक डोमेन (वेबसाइटचं नाव) मिळतंय, नावात संत्रा आहे, लोक शोधणारच. विकणारा म्हणतो महिन्याला ४०,००० ट्रॅफिक आहे, स्क्रीनशॉटही पाठवला. ३५,००० मागतो. उद्या संध्याकाळपर्यंत होकार नाही दिला तर दुसऱ्याला देणार. पुढं दीड-दोन लाखाला जाईल का? आमच्याकडं रेंज गच्चीवरच येते, म्हणून थोडक्यात लिहितो.

नेटवाला_आर्वी
नाव काय? डॉट कॉम की डॉट इन? स्क्रीनशॉट कशाचा?

संत्रापट्टा
नाव इथं लिहिलं तर कोणी उचलेल. डॉट कॉम आहे. स्क्रीनशॉट ट्रॅफिकचाच, सांगितलं ना.

वरूडचा_बागायतदार
भाऊ, एवढ्या पैशात ठिबकच्या नळ्या बदलून होतात. ते डोमेन काहून घेता? आमच्याकडं आंबिया बहाराची फळगळ लय आहे यंदा. तुमच्याकडं कशी आहे?

पुसदचा_मास्तर
माझं ऐका, डॉट भारत घ्या. २०१४ पासून देवनागरीत नाव मिळतं. 'संत्रा' हा शब्द आपल्याच लिपीत लिहिता येतो. मी माझ्या वर्गाच्या पानासाठी तेच घेतलं आहे आणि पोरांना पाठ आहे.

नेटवाला_आर्वी
मास्तर, त्यांना वापरायचं नाही, विकायचं आहे. माझ्याकडं तशी तीन नावं २०१९ पासून पडून आहेत, एकानेही भाव विचारला नाही. दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे मात्र जातात.

पुसदचा_मास्तर
गिऱ्हाईक नाही म्हणून लिपी सोडायची का? कोणी घेतलंच नाही तर वापर वाढणार कसा?

हिंगणघाटकर
मास्तर, त्यासाठी वेगळा धागा काढा, मीही लिहीन तिथं. संत्रापट्टा भाऊ, स्क्रीनशॉटवर ४०,०००च्या वर कोणता शब्द आहे तेवढं सांगा. हिट्स, व्हिजिट्स की युनिक व्हिजिटर्स?

संत्रापट्टा
हिट्स. एकच ना ते?

हिंगणघाटकर
एकच नाही भाऊ, सगळा खेळ तिथंच आहे. पान उघडलं की त्यातला प्रत्येक फोटो, प्रत्येक फाइल वेगळी हिट म्हणून मोजली जाते. २० फोटोंचं पान एका माणसाने एकदा उघडलं तरी २१ हिट्स होतात. शिवाय सर्व्हर बॉटही (आपोआप फिरणारे प्रोग्राम) मोजतो, गूगलचेही आणि पासवर्ड शोधत फिरणारेही. ४०,००० हिट्समागं खरी माणसं काही शेच असू शकतात. मी दोन वर्षांपूर्वी असाच आकडा बघून एक नाव घेतलं. साइटवर येणारी माणसं मोजणारं गूगल ॲनालिटिक्स लावलं तर दिवसाला तीन-चार माणसं. फार जीव तुटला होता तेव्हा.
विकणाऱ्याला म्हणा, गूगलचं सर्च कन्सोल बघायची परवानगी द्या. लोक काय शोधून येतात, किती क्लिक होतात, कोणत्या देशातून, सगळं तिथं दिसतं. फोटोवर विश्वास नको.

शेगाव_वेब
वर्डप्रेस टाका. थीम फुकट मिळते, दोन तासांत साइट उभी राहते. होस्टिंग कोणतं घ्यायचं ते विचारा मला.

नेटवाला_आर्वी
अहो, डोमेनच हातात नाही अजून. भाऊ, उद्यापर्यंतच का म्हणतो तो? आयकॅनच्या (डोमेनचा कारभार बघणारी संस्था) लुकअप पानावर नाव टाका आणि स्टेटस काय दिसतं ते लिहा. वेबॅक मशीनवर (तिथं साइटच्या जुन्या प्रती साठवलेल्या असतात) जुनी पानंही बघा.

संत्रापट्टा
वेबॅकवर आधी कोणाची तरी रोपवाटिका होती, नंतर सट्ट्याचं पान दिसतं. स्टेटसमध्ये 'रिडेम्पशन पिरियड' असं लिहिलंय, बदलाची तारीख १२ दिवसांपूर्वीची. नेहमीचंच काहीतरी असेल म्हणून लक्ष दिलं नाही.

हिंगणघाटकर
थांबा. म्हणजे मुदत संपून गेली आहे. डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्रार (नाव नोंदवून देणारी कंपनी) ४५ दिवसांपर्यंत वाट बघतो, मग हे रिडेम्पशनचे, म्हणजे नाव सोडवून घ्यायचे ३० दिवस, त्यानंतर ५ दिवसांनी नाव मोकळं होतं. या ३० दिवसांत नाव कोणाला हस्तांतरित करता येत नाही. आधी विकणाऱ्यालाच वेगळी फी भरून परत मिळवावं लागेल. स्क्रीनशॉट कधीचा आहे?

संत्रापट्टा
मागच्या आठवड्याचा.

हिंगणघाटकर
रिडेम्पशनमध्ये नाव गेलं की ते झोनमधून (चालू नावांच्या यादीतून) काढतात. पत्ता टाकला तर साइट उघडतच नाही. मग मागच्या आठवड्यात त्याच्याकडं माणसं आली कुठून?

संत्रापट्टा
मी ५,००० टोकन दिलंय परवा. यूपीआयवर.

नेटवाला_आर्वी
हे आधी सांगायचं ना भाऊ! आत्ताच्या आत्ता १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन लावा, व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. बँकेलाही कळवा. उरलेले पैसे देऊ नका, तो कितीही घाई करो.

वरूडचा_बागायतदार
लावा भाऊ फोन, उशीर नका करू. आणि गळीचं नंतर सांगा, मी थांबतो.

संत्रापट्टा
गच्चीवर जातो. लाइन लागली की लिहितो.