पक्षाघाताचा झटका आला नाही म्हणजे मेंदू सुखरूप असं नाही
वर एका ताईंनी लिहिलंय की मोयामोया असलेल्या भाचीला झटका आलेला नाही, म्हणजे अभ्यासात मागे पडते तो आळसच. हे अजिबात पटत नाही. या आजारात मेंदूकडे जाणाऱ्या मुख्य धमन्या हळूहळू अरुंद होतात. मेंदूच्या पुढच्या भागाला रक्त कमी पडलं, तर एमआरआयवर डाग नसतानाही लक्ष टिकवणं, भराभर विचार करणं जड जाऊ शकतं. हुंदके देऊन रडताना किंवा गरम नूडल्स फुंकताना श्वास जोरात चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्तवाहिन्या आकसतात आणि अशा मुलांचा एखादा हात थोडा वेळ लुळा पडू शकतो. असं काही दिसलंय का, घरी विचारा. तिला रागावून रडवू नका, प्लीज! मेंदूला रक्ताची नवी वाट करून देणारी बायपास शस्त्रक्रिया ठरली असेल तर आधी बौद्धिक चाचण्या करून घ्या, नंतर तुलना करता येते.