मदत हवी आहे: व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) चालू आहे, पण व्हर्ट-मॅनेजरमध्ये कन्सोल उघडत नाही

होस्ट (व्हीएम ज्यावर चालतात ते मशीन) डेबियन 12 लिनक्स, त्यावर केव्हीएम (लिनक्सची व्हीएम चालवायची सोय) आणि सहा व्हीएम. लॅपटॉपवर व्हर्ट-मॅनेजर (व्हीएम सांभाळायचं ग्राफिकल ॲप), जोडणी एसएसएचवरून (सुरक्षित रिमोट लॉगिन), की वापरून, पासवर्ड नाही. यादी दिसते, व्हीएम चालू-बंदही होतात. कन्सोल (व्हीएमची स्क्रीन) उघडायला गेलं की मात्र काळा चौकोन आणि 'हायपरवायझर होस्टशी जोडणी नाकारली किंवा तुटली' अशा अर्थाचा संदेश. सहाही व्हीएमचं हेच.

गेल्या आठवड्यात होस्ट नव्याने, अगदी मिनिमल इन्स्टॉल केला, त्याआधी सगळं ठीक होतं. म्हणून संशय तिथेच येतो.

व्हीएनसीचं (व्हीएमची स्क्रीन नेटवर्कवरून दाखवणारी पद्धत) रडगाणं नाही, हे नक्की. 'व्हर्श व्हीएनसीडिस्प्ले' ही कमांड 127.0.0.1:1 दाखवते, म्हणजे पोर्ट 5901, आणि होस्टवर क्यूईएमयू (व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) तिथे ऐकतोय. हाताने एसएसएच टनेल काढून साध्या व्ह्यूअरने जोडलं तर लॉगिन स्क्रीन झटक्यात येते. लॅपटॉपही बदलून पाहिला, फरक शून्य.

फायरवॉलमध्ये फक्त 22 (एसएसएचचा पोर्ट) उघडा आहे आणि तसाच ठेवायचाय, त्यामुळे 'व्हीएनसी 0.0.0.0 वर (म्हणजे सगळ्या नेटवर्कवर) ऐकू दे' हा सल्ला कृपया नको. दोन व्हीएमवर हिशेबाचं काम चालतं, त्यामुळे त्या दोन व्हीएम रोज रात्री दहानंतरच रीस्टार्ट करता येतील.

व्हर्ट-मॅनेजर कन्सोलसाठी स्वतः टनेल काढतो, तेव्हा होस्टवर नेटकॅटसारखं (पोर्टला जोडून डेटा इकडून तिकडे नेणारं छोटं टूल, कमांड 'एनसी') काही वेगळं लागतं का? होस्टवर 'एनसी' टाइप केलं तर 'कमांड नॉट फाउंड' येतं. पण मग तेच नसताना यादी कशी काय दिसते?