मदत हवी आहे: अल्गॉन्क्वियन वाक्यात कर्ता-कर्म उलटेच निघतायत (अर्जंट)

सायली_विनिपेग
लोकहो, अल्गॉन्क्वियनचा गृहपाठ अडलाय आणि शुक्रवारी द्यायचाय. प्रत्यय बघून अर्थ लावला की हँडआउटमध्ये नेमका उलटा अर्थ छापलेला असतो. माझ्या मते हँडआउटच चुकलंय. इथे कोणी भाषाशास्त्रवाले आहेत का? 'गूगल कर' सांगू नका, करून झालंय.

टोरांटोची_मावशी
अगं, अल्गॉन्क्विन पार्क ना? यंदा हुकलंच म्हण, आता बर्फ पडलं. पुढच्या वर्षी सप्टेंबरअखेरीस जा, मॅपल नुसते पेटलेले असतात. पास आधीच ऑनलाइन काढून ठेव, आयत्या वेळी मिळत नाही.

भाषावेडा
मावशी, पार्क नाही, उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं भाषाकुल! सायली, क्री, ओजिब्वे, ब्लॅकफूट, शायेन, मेनॉमिनी या सगळ्या अल्गॉन्क्वियनच. 'द्राविडी गृहपाठ अडलाय' म्हटल्यावर कोण काय सांगणार? भाषा कुठली, बोली कुठली? आणि वाक्य कुठंय?

सायली_विनिपेग
ओजिब्वे. विनिपेगमध्ये दुसरं काय शिकवणार? बोलीने काय फरक पडतो?

भाषावेडा
विनिपेगमध्ये क्रीसुद्धा शिकवतात. आणि बोलीने भरपूर फरक पडतो. पूर्वेकडच्या ओडावा बोलीत बिनजोराचे ऱ्हस्व स्वर गळतात. तुमच्याकडचं 'अनिशिनाबेमोविन' (ओजिब्वे भाषेचं तिचं स्वतःचं नाव) तिकडे 'निश्नाबेम्विन' होतं, मग शब्दकोशात शोधत बसा. वाक्य टाक.

कोथरूडकर
वाक्य येईपर्यंत एक सांगतो. या भाषांच्या तौलनिक अभ्यासाचा पाया घातला अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड ब्लूमफील्डने. फॉक्स, क्री, मेनॉमिनी आणि ओजिब्वे या चार भाषा ताडून त्याने मूळ अल्गॉन्क्वियनची, म्हणजे या सगळ्यांच्या पूर्वज भाषेची, ध्वनिव्यवस्था 1925 साली मांडली. लेखी परंपरा नसलेल्या भाषांनाही ध्वनिबदलाचे नियम तितकेच काटेकोर लागू होतात, हे त्यातून दिसलं. हा माणूस पाणिनी कोळून प्यायलेला होता! मेनॉमिनीच्या रूपध्वनिविचारावरचा (शब्दरूपं घडताना ध्वनी कसे बदलतात यावरचा) त्याचा 1939 चा लेख वाचा, सूत्रांचा क्रम थेट अष्टाध्यायीच्या वळणाचा. आमच्या पुण्यात बसून हा विषय करता येईल, पण लक्षात कोण घेतो.

सायली_विनिपेग
काका, ब्लूमफील्ड परीक्षेला नाही. हे घ्या वाक्य:
इनिनि ओगी-वाबमिगोन मक्वन.
इनिनि म्हणजे पुरुष, मक्वा म्हणजे अस्वल, वाबम् म्हणजे पाहणे. अस्वलाला -न लागलाय, म्हणजे ते कर्म. माणसाला काही लागलं नाही, तो कर्ता. माणसाने अस्वलाला पाहिलं. हँडआउट म्हणतं, अस्वलाने माणसाला पाहिलं!

भाषावेडा
हँडआउट बरोबर आहे. तो -न म्हणजे आपला 'ला' नव्हे, ती विभक्तीच नाही. एकाच प्रसंगात तृतीयपुरुषी दोघे आले की ओजिब्वे एकाला पुढे ठेवते आणि दुसऱ्याला मागे ढकलते. मागच्यावर ती खूण लागते. पुढे कोण, हे निवेदक ठरवतो आणि गोष्टीच्या मध्येच बदलतोही. कुणी कुणाला पाहिलं हे क्रियापद सांगतं. 'ओगी-वाबमान' असतं तर पुढच्याने मागच्याला पाहिलं, म्हणजे माणसाने अस्वलाला. तुझ्या वाक्यात मध्ये '-इगो-' आहे, म्हणून दिशा उलटी. नामं जशीच्या तशी राहतात. शब्दक्रमावर तर मुळीच जाऊ नकोस.
मराठीत 'रम्याने शिवाला त्याच्या घरी नेलं' म्हटलं की घर कुणाचं यावरून वाद. तिथे हा वाद होत नाही.

मन्याबापू
एवढं लांबण कशाला? सरळ कर्मणी प्रयोग आहे. 'माणूस अस्वलाकडून पाहिला गेला.' शाळेत शिकलोय आपण सगळे.

भाषावेडा
बापू, कर्मणी नाही. क्रियापद सकर्मकच राहतं आणि दोघांच्या खुणा अंगावर वागवतं. करणारा सांगायचाच नसेल तर वेगळं रूप आहे, 'गी-वाबमा', म्हणजे 'त्याला पाहिलं गेलं'. तिथे अस्वल येतच नाही.

मन्याबापू
तुम्ही नाव काहीही द्या, काम तेच करतंय. जुन्या अभ्यासकांनीही याला कर्मणीच म्हटलंय.

भाषावेडा
म्हटलंय, म्हणून तर नंतरच्यांना इतकं लिहावं लागलं. हे बघा: 'गिवाबमिन', मी तुला पाहतो. 'गिवाबम', तू मला पाहतोस. दोन्हीकडे सुरुवातीचा 'गि' हा 'तू'चाच. तू, मग मी, मग तो, अशी उतरंड आहे. कर्मणीने हे कसं सोडवता ते दाखवा.

कोथरूडकर
अवांतर: क्री लिपी देवनागरीवरून घेतली आहे हे किती जणांना माहीत आहे? मिशनरी जेम्स इव्हान्सने बनवली, कॅनडातल्या नॉर्वे हाउसला, 1840 मध्ये.

टोरांटोची_मावशी
काका, 'घेतली' नका म्हणू. पिटमनच्या लघुलिपीचं आणि देवनागरीचं वळण तीत दिसतं, असं अभ्यासक म्हणतात. पण स्वर बदलला की अख्खं अक्षर फिरवायचं, ही युक्ती देवनागरीत कुठे आहे? आणि क्री लोक सांगतात की ही लिपी मिस्तनस्कोवेव या क्री माणसाला आत्मलोकातून मिळाली. आमच्या वाचनालयात एका क्री बाईंनी ती गोष्ट सांगितली होती, इव्हान्सचं नाव काढल्यावर त्या नुसत्या हसल्या.

रानवारा
@सायली, हे वाक्य 'आदिझोकान'मधलं असेल तर जपून. त्या पवित्र कथा फक्त हिवाळ्यात, जमिनीवर बर्फ असताना सांगतात. आधी शिक्षकांना विचार. लोकांची भाषा म्हणजे नुसता डेटा नव्हे.

सायली_विनिपेग
इथे गुडघाभर बर्फ आहे आणि वाक्य बाईंनी स्वतः बनवलेलं आहे. @भाषावेडा, ती '-इगो-'ची युक्ती चालली, उरलेली वाक्यं सुटली! आता शेवटचं: मक्वन म्हणजे एक अस्वल की अनेक? अनेकवचन तर 'मक्वग' शिकवलंय.

भाषावेडा
'मक्वग' पुढच्याचं अनेकवचन. मागे ढकललेल्याला बहुतेक बोलींत वचनभेदच नसतो. एक असेल, दहा असतील.

सायली_विनिपेग
पण प्रश्नात 'वचन ओळखा' असं विचारलंय!

मन्याबापू
एकवचन लिही. माणूस दहा अस्वलं बघून गोष्ट सांगायला परत येत नाही.

भाषावेडा
बापूंचं ऐकू नकोस. 'या रूपावरून वचन ठरत नाही' असं कारणासकट लिही.