अनुभव धागा : देवाची वेळ येईपर्यंत हातानं काय करायचं?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरली की खान्देशात शेतीचं नवं साल लागतं, आणि वाट पाहणंही तेव्हाच सुरू होतं. पावसाची, केळीच्या घडाची, पोलीस भरतीच्या तारखेची. "देवाच्या मनात असेल तेव्हा होईल" हे सगळेच म्हणतात. तोवर नेमकं काय करायचं, हे फार थोडे सांगतात. म्हणून हा धागा. रडकथा नकोत, चमत्कारही नकोत. ज्याला ज्या कामातलं थांबणं कळतं त्यानं मापासकट लिहावं : किती थांबायचं, कशावरून ओळखायचं, घाई केली तर काय बिघडतं.

काळी माती, चोपडा

कपाशीपासून सुरुवात करतो. मृगाची पहिली सर आली की गावात चढाओढ लागते, शेजाऱ्यानं टोबली (बी खोचून लावली) म्हणून आपणही टोबायची. त्या सरीनं नुसती धूळ बसते. कोरडवाहू रानात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सरकीला हात लावू नये. मोजायला काही नसेल तर खुरप्यानं वीतभर उकरा आणि तळाची माती मुठीत दाबा. लाडू वळला तर ओल खरी. भुगा झाला तर वरची ओल फसवी आहे : बी फुगतं, मोड येतो, खाली मुळीला काही सापडत नाही आणि दोन दिवसांच्या उन्हात सगळं वाळतं. मग दुबार पेरणी, म्हणजे बियाणं, मजुरी आणि हंगामाचे पंधरा दिवस, तिन्ही गेले.

ठिबकवाल्यांना वाटतं, पाणी आपल्या हातात आहे, मेमध्येच लावून टाकू. त्यांनी थांबायचं कारण निराळं. गुलाबी बोंडअळी जुन्या पऱ्हाटीतल्या (कपाशीच्या वाळक्या झाडांतल्या) किडक्या बोंडांत आणि सरकीत झोपून असते. पावसाच्या तोंडावर तिचे पतंग बाहेर पडतात. तेव्हा शिवारात पाती (कपाशीच्या कळ्या) आणि फुलं नसली तर पतंग तसेच मरतात. मेमधली कपाशी त्यांना नेमक्या वेळेला पाती पुरवते, आणि त्याचा त्रास पुढे सगळ्या गावाला. म्हणून १ जूनच्या आधी लागवड नको.

थांबायचं म्हणजे बाजेवर पडायचं नाही. जुन्या पऱ्हाटीच्या गंज्या बांधावर असतील तर याच दिवसांत मोडा, बारीक करून खतात घाला. लागवडीच्याच दिवशी शे-दीडशे बिया पिशव्यांत लावून ठेवा. आठ-दहा दिवसांनी नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला त्याच वयाची रोपं लागतात. नंतर टोबलेलं बी शेजारच्या झाडाच्या सावलीत कुढत राहतं.

केळीवाला, रावेर

कांदेबाग (पावसाळा सरताना लावलेली केळी) डिसेंबर-जानेवारीत थांबल्यासारखी दिसते. पारा १२ अंशांच्या खाली गेला की पान निघायचा वेग निम्म्यावर येतो. माणूस घाबरतो आणि युरिया ओततो. गार मातीत मुळं तो उचलत नाहीत, पाण्याबरोबर खाली जातो. थंडीत नत्र थोडं थोडं, ठिबकमधून. पाणी रात्री किंवा पहाटे द्या, विहिरीचं पाणी त्या वेळी मातीपेक्षा कोमट असतं. पहाटे बांधावर ओलसर काडीकचरा पेटवून धूर करा. जाळ नको, धूरच हवा.

निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, ऐन थंडीत आली तर घड पोंग्यात (वरच्या गुंडाळलेल्या पानांत) अडकतो, कधी बगलेतून फुटतो. अडकलेला घड ओढून निघत नाही. लागवडीची तारीख धरतानाच निसवण कोणत्या महिन्यात येईल ते मोजायचं.

कापणीचं थांबणं वेगळं. घड निसवला त्या दिवसाची तारीख बुंध्यावर रंगानं लिहा किंवा आठवड्यागणिक वेगळ्या रंगाची फीत बांधा. उन्हाळ्यात नव्वद-शंभर दिवस, थंडीत १२० च्या पुढेही जातात. केळाच्या कडा बोथट होऊन पोट गोल झालं की घड भरला. "भाव चढलाय, आज कापून टाक" असं व्यापारी म्हणतो तेव्हा कडा बघा, त्याचं तोंड बघू नका. कच्चा कापला तर वजन जातं, आणि पिकवणीत साल पिवळी होऊन गर पिठूळ राहतो. कार्बाइडवर तर बंदीच आहे.

खारा लसूण, अमळनेर

तुम्ही दोघं "थांबा" म्हणताय ते पटलं. पण कुठल्या टप्प्यावर थांबता येतं आणि कुठल्या नाही, हे बिबडे (ज्वारीचे पापड) करणाऱ्या बाईला विचारा. ज्वारी तीन दिवस भिजते, पाणी रोज बदलायचं. मग निथळून, वाळवून दळायची. आधणात लसूण-जिरं-मिरचीचं वाटण, तीळ, मीठ आणि मग पीठ. रवीनं नाही, लाकडी दांडक्यानं घाटायचं, गुठळी राहिली की बिबडा तिथेच तडकतो. घाटा शिजला की चमक येते आणि ओल्या बोटाला चिकटत नाही. ही खूण दिसेपर्यंत हात थांबवायचा नाही, मनगट कितीही दुखो.

आता आभाळ आलं तर? भिजवण चौथ्या दिवसावर नेली तर आंबूस वास येतो. पीठ मात्र आठवडाभर खुशाल थांबतं. म्हणून रात्री आभाळ दिसलं की पिठावर थांबायचं, पहाटे ऊन नक्की वाटलं तरच आधण ठेवायचं. शिजलेला घाटा कुणासाठी थांबत नाही. थापलेले बिबडे ढगात सापडले तर पंख्याखाली पसरा, डब्यात भरू नका. दुसऱ्या दिवशी बुरशी धरते.

मैदान, शहादा

पोलीस भरतीवाल्या पोरांसाठी. तारीख पुढे गेली की दोन चुका होतात : एक सराव सोडतो, दुसरा रोज पूर्ण १६०० मीटर जीव तोडून पळतो आणि नडगी धरून बसतो. आठवड्यात एकदाच घड्याळ लावून पूर्ण अंतर. दोन दिवस ४०० मीटरचे तुकडे, मधे चालत दम घ्यायचा. बाकी हलकं पळणं, गोळाफेक, एक दिवस सक्तीची विश्रांती. डांबरी रस्ता टाळा. आणि नॉन-क्रीमी लेयर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते का, ते आधी बघा. मैदान मारून कागदावर पडणं फार वाईट.

पायी दिंडी, धुळे

चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. खान्देश हे देवीचं माहेर मानतात, म्हणून गर्दी आपल्याकडचीच जास्त. चाल पहाटे तीन ते नऊ, मग संध्याकाळी. दुपारी सावलीत पडा. नवी चप्पल घालून निघू नका. फोड आला तर साल सोलू नका, कडेला टोचून पाणी काढा, स्वच्छ पट्टी बांधा. लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, त्याच चमच्यानं अर्धा चमचा मीठ. चक्कर, उलटी, घाम थांबणं यातलं काही दिसलं की गाडीत बसायचं. त्यानं नवस मोडत नाही.

कानबाईची लेक, एरंडोल

नवसाचं बोलणं निघालंच आहे तर : नवसाला मुदत घालू नका. "वर्षात झालं तर" म्हणणं म्हणजे देवाला हप्ता लावणं. बोललेलं घरातल्या दोघांना तरी माहीत असावं, नाहीतर बोलणारा विसरतो आणि सुनेच्या माथी येतं. श्रावणात सुतक आलं तर कानबाई (आपल्या खान्देशात घरी बसवतात ती देवी) त्या वर्षी बसत नाही. रोटाचे (कानबाईच्या नैवेद्याचे) गहू निवडून झाले असले तरी ते रोजच्या दळणात घालायचे, पुढच्या श्रावणाला नवे घ्यायचे. जुने गहू धरून ठेवू नका, टोके लागतात.

नवीन, पारोळा

चोपडेकर, एक विचारतो. पाऊस ८० मिलिमीटर झाला, पण त्याला पाच दिवस झाले. आता टोबू का?

काळी माती, चोपडा

दुपारी उकरून बघू नका, उन्हानं सगळंच वाळलेलं दिसतं. पहाटे बघा. वरचा कोरडा थर दोन बोटांइतका असेल तर बाजूला सारून ओलीत टोबा. चार बोटांच्या पुढे गेला असेल तर बियाण्याची पिशवी फोडू नका. सरकी चार-पाच सेंटिमीटरपेक्षा खोल गेली की मोड वर येत नाही.