दोर दुप्पट केले, पण घासण्याचं काय?

वादळाआधी मुरिंगला (पाण्यातल्या कायमच्या नांगराला) बांधलेली शिडाची बोट कशी सांभाळावी, यावरचं 'मुरिंगचे दोर दुप्पट केले आणि पुढचं शीड फर्लरवर (शीड गुंडाळायच्या यंत्रणेवर) घट्ट गुंडाळलं की पुरे' हे मत अर्धंच पटतं. दोर दुप्पट कराच, पण शीड पूर्ण उतरवून आत ठेवा. गुंडाळीचा एक पदर सुटला की वारा तिथूनच शिरतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, म्हणून बूमवरचं (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्यावरचं) शीड, कॉकपिटवरचं (सुकाणूपाशी बसायच्या जागेवरचं) कापड, सगळंच काढा.

त्या मतात राहून गेलेला मुद्दा म्हणजे दोराचं घासणं. जाड दोरही बहुधा चॉकपाशीच (बोटीच्या काठावर दोर जिथून बाहेर जातो त्या खाचेपाशीच) तुटतो. नायलॉन ताणला जातो, झटके पचवतो, म्हणून मुरिंगला तो उत्तम. पण तोच ताण चॉकवर करवतीसारखा पुढेमागे घासतो आणि आतल्या धाग्यांची घर्षणाने उष्णता वाढते. वर प्लॅस्टिकची नळी चढवली तर पाणी आत पोचत नाही, उष्णता कोंडते, धागे वितळतात. त्यापेक्षा जुन्या फायर होजचा कापडी तुकडा चढवून दोन्ही टोकांना शिवून टाका. आणखी चांगलं म्हणजे क्लीटपासून (बोटीवर दोर बांधायच्या खुंटीपासून) चॉकबाहेर मीटरभर पॉलिएस्टरचा दोर आणि पुढे नायलॉन. पॉलिएस्टर फारसा ताणत नाही, त्यामुळे घासतही कमी. दोन्ही दोर वेगवेगळ्या क्लीटवर घ्या. आणि वादळात बोटीवर कुणीही थांबू नका.