वेरूळला लाव्हाचे थर नेमके कुठे दिसतात? एका दिवसाच्या सहलीसाठी मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत जालन्याहून वेरूळला जायचं ठरतंय. सोबत वडील (सत्तरी ओलांडली आहे, गुडघे दुखतात) आणि आठवीतला भाचा. लेणी आम्ही आधी पाहिलेली आहेत, पण या वेळी मूर्तींइतकाच दगड बघायचा आहे.

उन्हाळ्यात शेतातली विहीर खोल केली. वर मुरूम, मग मांजऱ्या (भोकाभोकांचा खडक), त्याखाली हातभर तांबडा गेरू आणि परत काळा पाषाण. मांजऱ्याच्या भोकाभोकांत पांढरे चकचकीत खडे. पोरगं त्या ढिगाऱ्यावरून उठेना. मग वाचून त्याला सांगितलं, की सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचत गेले. भोकं म्हणजे लाव्हातल्या वायूचे बुडबुडे, खडे म्हणजे त्यांत नंतर पाण्यातून जमलेलं झिओलाइट नावाचं खनिज. गेरू म्हणजे लाव्हाच्या दोन लोटांमधल्या काळात झालेली माती, वरून आलेल्या लाव्हानं भाजलेली. आता त्याला हेच सगळं लेण्याच्या भिंतीत बघायचंय, आणि खरं सांगायचं तर मलाही.

तर वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी कुठल्या लेण्यात दोन लोटांमधली सांधरेषा उभ्या-उभ्या, डोळ्यांच्या उंचीवर दिसते? कैलास (१६ नंबर) वरून खाली कोरत आणलाय, म्हणजे आजूबाजूच्या उभ्या कड्यात थर दिसायला हवेत. २९ नंबरजवळच्या धबधब्याच्या कातळातही दिसत असतील असं वाटतं. कुणी या नजरेनं पाहिलंय का?

दुसरा प्रश्न उरलेल्या दिवसाचा. परतीच्या वाटेवर दौलताबाद आहे. तिथला तासलेला कडा आणि कातळात खोदलेला खंदक खालूनही बघता येईल, वडिलांना वर चढायची गरज नाही. पण भाच्याचं मन पितळखोऱ्याच्या लेण्यांवर आहे. तिथला दगड ठिसूळ, लेण्यांची बरीच पडझड झालेली, म्हणजे चांगला पाषाण आणि वाईट पाषाण यांतला फरक एका दिवसात समोरासमोर बघायला मिळेल. मला हे फार मोलाचं वाटतं. अडचण एवढीच की कन्नडच्या बाजूला तासाभराहून जास्त जायचं आणि दरीत पायऱ्या उतरायच्या. वडील वर सावलीला थांबू शकतील अशी बरी जागा आहे का? की पितळखोरा वेगळ्या दिवशीच करावा?

मंगळवारी वेरूळ बंद असतं, तो वार सोडून जाणार आहोत. खडा-दगड काहीही उचलायचा नाही हे भाच्याला बजावलंय.

आणि मूर्तींसोबत दगडाबद्दलही सांगू शकेल असा गाईड तिथे मिळतो का? संभाजीनगरच्या एखाद्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारं किंवा शिकणारं कुणी इथे असेल तर कृपया लिहा. गाडी आमची आहे, तुम्हालाही सोबत घेऊन जाऊ.