बाबांसाठी मंचाव सूप: जिन्यावरच्या त्या चायनीजसारखं कसं करायचं?

कल्याणची_लेक

बाबा माटुंगा वर्कशॉपमध्ये होते. पगार झाला की त्या रविवारी आम्हा चौघांना स्टेशनबाहेरच्या एका छोट्या चायनीजमध्ये न्यायचे. अरुंद जिना, वर सहा टेबलं. ऑर्डर ठरलेली: दोन मंचाव वन बाय टू, एक व्हेज हक्का नूडल्स, एक ड्राय मंच्युरियन. सूप आलं की बाबा स्वतःच्या वाटीत व्हिनेगरमधल्या दोन हिरव्या मिरच्या टाकायचे. आईला एरवी तिखट सोसत नसे, पण ते सूप ती शेवटच्या चमच्यापर्यंत प्यायची.

ते हॉटेल कधीच बंद झालं. आई गेल्या पावसाळ्यात गेली. बाबा ७६ वर्षांचे, बीपीची गोळी चालू, जेवण अगदी कमी झालंय. परवा स्वतःहून म्हणाले, "ते जिन्यावरचं सूप मिळेल का गं कुठे?" कितीतरी दिवसांत त्यांनी काही मागितलंच नव्हतं.

पाकिटातलं करून दिलं, तर दोन चमचे घेऊन वाटी बाजूला ठेवली. मग सगळं चिरून केलं. रंग आला, पण तो वास नाही, आणि कपड्यांच्या खळीसारखं घट्ट झालं. काय चुकतंय? आणि मीठ किती कमी करता येईल?

आंच_मोठी

ताई, उल्हासनगरला अकरा वर्षं माझी चायनीजची गाडी होती. तो वास आंचेचा आहे. नॉनस्टिक नको, लोखंडी कढई घ्या. धूर निघेपर्यंत तापवा, मगच तेल. आलं, लसूण, मिरची बारीक चिरायची, वाटायची नाही. वाटलं की पाणी सुटतं आणि तळण्याऐवजी शिजतं. कोथिंबिरीच्या काड्याही इथेच. कोबी, गाजर, फरसबी मिनिटभर परतून सोया सॉस भाज्यांवर न ओतता कढईच्या कडेने सोडा. तापलेल्या लोखंडावर तो चर्र होतो, तिथेच निम्मं सूप झालं म्हणा. मग गरम पाणी.

चार वाट्या पाण्याला दोन चमचे कॉर्नफ्लोअर पुरे. गार पाण्यात कालवून अगदी शेवटी, ढवळत थोडं थोडं. पांढरट दिसतं तोवर कच्चं. चकाकी आली की गॅस बंद. मिरी भरपूर.

डाएट_वही

मी आहारतज्ज्ञ आहे. एका मोठ्या चमचा सोया सॉसमध्ये साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅमची आहे. म्हणून वेगळं मीठ घालूच नका. एका वाटीला सोया अर्धा छोटा चमचा. अजिनोमोटोचं नाव काढलं की लोक घाबरतात, पण मिठात ३९ टक्के सोडियम असतं, अजिनोमोटोत १२ टक्के. चिमूटभर घातलं तर सोया आणखी कमी करूनही चव राहते. तरी बाबांच्या डॉक्टरांना एकदा विचाराच.

हावडा_मेल

बदलीमुळे सहा वर्षं कोलकात्यात काढली. तिथल्या टांग्रा भागात हक्का चिनी कुटुंबांचे चामड्याचे कारखाने होते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते शहराबाहेर हलवायला सांगितले. हळूहळू त्या जागांमध्ये हॉटेलं वाढली. त्यातल्या एका लहानशा हॉटेलात मी दर शनिवारी जेवायचो, स्वयंपाकघराच्या दाराशी बसून. तिथल्या आजी व्हिनेगर कधीच उकळू द्यायच्या नाहीत, गॅस बंद केल्यावरच घालायच्या. तुम्ही ते आधी घालत असाल तर वास उडून जात असेल.

कल्याणची_लेक

होय, मी व्हिनेगर आधीच घालत होते! आईच्या भाकरीच्या लोखंडी तव्यावर आंच मोठी ठेवून भाज्या परतल्या, सोया कडेने सोडला आणि सगळं पातेल्यात उकळत्या पाण्यात ओतलं. वास बाहेरच्या खोलीपर्यंत गेला. बाबा काठी टेकत ओट्यापाशी आले, उभ्यानेच चमचाभर चाखलं, म्हणाले, "मिरी कमी आहे." मग बसून वाटीभर प्यायले. नूडल्स तळल्या नव्हत्या, त्याबद्दल विचारलं. उद्या तळणार आहे.

आंच_मोठी दादा, मिरच्या कालच व्हिनेगरमध्ये घातल्या, अजून कच्च्याच लागतात. किती दिवस ठेवायच्या?

आंच_मोठी

तीन दिवस. आणि गोल काप करा, अख्ख्या लवकर मुरत नाहीत. नूडल्स उकडून पूर्ण गार करा, थोडं कॉर्नफ्लोअर भुरभुरवा, मग तळा.